लायबिलिटी पॉलिसीचा क्लेम नाकारला? मग भांडायचं कसं, कुठे आणि कुठल्या कागदावर

दुकान, हॉटेल, मंगल कार्यालय, वर्कशॉप, क्लिनिक असं काहीही चालवणाऱ्या माणसाला आगीची पॉलिसी बरोबर कळते, माल जळाला की पैसे मागायचे. लायबिलिटी पॉलिसीचं, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं आणि ते भरायची जबाबदारी तुमच्यावर आली तर ती उचलणाऱ्या पॉलिसीचं, तसं नसतं. ती बहुतेकांनी मॉलवाल्याने मागितली, मोठ्या कस्टमरने टेंडरमध्ये अट घातली किंवा एजंट म्हणाला घेऊन टाका म्हणून घेतलेली असते, आणि ती फाइलमधून बाहेर निघते थेट कुणाच्या तरी वकिलाची नोटीस आल्यावर. मग कंपनीला कळवलं की काही महिन्यांनी एक पत्र येतं, "आम्हाला खेद आहे" वगैरे, आणि तिथून पुढे काय करायचं ते कुणी नीट सांगत नाही. म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय. वकिलाला पर्याय म्हणून नाही, वकिलाकडे जाताना तुमच्या हातात काय असायला पाहिजे यासाठी.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तुमच्या दोन लढाया चालू आहेत. पहिली, ज्याचं नुकसान झालं तो विरुद्ध तुम्ही. दुसरी, तुम्ही विरुद्ध विमा कंपनी. पहिल्या लढाईत तुम्ही म्हणताय की माझी चूक नाही, मी काही देणं लागत नाही. दुसरीत म्हणताय की माझ्यावर कायदेशीर जबाबदारी येतेय, ती तुम्ही भरा. दोन्ही एकाच वेळी म्हणता येतं, त्यात खोटं काही नाही, पण वाक्यं जपून लिहावी लागतात, कारण एका फाइलमधलं पत्र दुसऱ्या फाइलमध्ये जातंच. "आमच्या माणसाने मुद्दाम केलं" असं रागाच्या भरात पहिल्या केसमध्ये लिहिलंत की दुसऱ्या केसमध्ये कंपनी हसत हसत म्हणणार, मुद्दाम केलेल्या गोष्टीला कव्हर नाही. आणि "हो आमचीच चूक, भरून देतो" असं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंत तर कंपनी म्हणणार आमच्या परवानगीशिवाय जबाबदारी कबूल केली, पॉलिसीची अट मोडली. त्यामुळे दोन्हीकडचे वकील वेगळे असले तरी चालतील पण त्यांनी एकमेकांशी बोललं पाहिजे, हे तुम्हीच बघायचं.

जबाबदारी येते कशी याचं एक अस्सल उदाहरण देतो. १ ऑगस्ट १९९८ च्या रात्री दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एक पाहुणा मारुती झेन घेऊन आला, व्हॅले पार्किंगवाल्याकडे चावी दिली आणि आत गेला. त्याच दरम्यान तीन मुलं वेगळ्या गाडीने आली होती, परत जाताना त्यांनी आपली गाडी मागवली आणि त्या गडबडीत एकाने डेस्कवरची झेनची चावी उचलून गाडी पळवली. गाडीच्या विमा कंपनीने मालकाला २ लाख ८० हजार दिले आणि मग त्याच्या जागी उभी राहून हॉटेलवर ग्राहक आयोगात केस टाकली. हॉटेल म्हणत होतं की पार्किंगच्या टॅगवर स्पष्ट छापलंय, गाडी मालकाच्या जबाबदारीवर. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितलं की चावी घेऊन गाडी ताब्यात घेतली की ती सांभाळणं तुमचं काम, स्वतःच्या किंवा नोकराच्या निष्काळजीपणातून असं छापील टॅग दाखवून सुटता येत नाही. २१ वर्षं चाललेली केस, एका झेनसाठी.

यातून धंदेवाल्याने दोन गोष्टी घ्यायच्या. एक म्हणजे "सामानाची जबाबदारी मालकाची" हे बोर्ड भिंतीला शोभा म्हणून ठीक आहेत. दुसरी जास्त महत्त्वाची, की तुमच्यावर नोटीस टाकणारा दर वेळी चिडलेला कस्टमरच असेल असं नाही, त्याला पैसे देऊन मोकळी झालेली दुसरी विमा कंपनीही असू शकते, आणि तिच्याकडे वेळ आणि वकील दोन्ही भरपूर. आता गंमत बघा, तुमच्याकडे साधी पब्लिक लायबिलिटी पॉलिसी असेल तर ती अशा गाडीला लागू होईलच असं नाही, कारण बऱ्याच पॉलिसींमध्ये तुमच्या ताब्यात, देखरेखीखाली असलेल्या दुसऱ्याच्या मालमत्तेला एक्स्क्लूजन असतं, म्हणजे ती कव्हरमधून वगळलेली असते. गॅरेजवाला, ड्रायक्लीनर, गोडाऊनवाला, व्हॅले देणारं हॉल, या सगळ्यांचा मुख्य धोकाच तो आणि पॉलिसीत नेमका तोच वगळलेला. त्यासाठी एक्सटेन्शन, म्हणजे वाढीव कव्हर, घेतलंय का ते आत्ता जाऊन बघा, हा लेख नंतर वाचा.

पॉलिसीचा कागद कसा वाचायचा

तुमच्याकडे बहुधा दोन-चार पानांचं शेड्यूल असेल. तेवढ्यावर केस लढता येत नाही. पूर्ण वर्डिंग (पॉलिसीच्या सगळ्या अटी-शर्ती), सगळी एंडोर्समेंट (पॉलिसीला जोडलेले बदल), प्रपोजल फॉर्मची (पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची) कॉपी आणि त्या वेळचे ब्रोकर किंवा एजंटबरोबरचे ईमेल, हे सगळं लागतं. वर्डिंग कधी दिलंच नसेल तर आधी लेखी मागा आणि ते कधी मिळालं याची नोंद ठेवा, कारण मॉडर्न इन्सुलेटर्सच्या केसमध्ये २००० सालीच सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की जी एक्स्क्लूजनची अट ग्राहकाला कळवलीच नाही तिच्यामागे कंपनीला लपता येत नाही. मात्र दहा वर्षं तीच पॉलिसी रिन्यू करताय, दर वर्षी वर्डिंग ईमेलवर येतंय आणि तुम्ही उघडलं नाही, तर हा मुद्दा फार ताणू नका.

वाचताना या गोष्टी शोधा. पॉलिसी कसली आहे, कारखान्याची, बिगर-कारखान्याची, प्रॉडक्टची, प्रोफेशनल इन्डेम्निटी (डॉक्टर वगैरेंच्या कामातल्या चुकांसाठी), की सगळं मिळून असलेली सीजीएल (कमर्शियल जनरल लायबिलिटी). धोकादायक केमिकल ठेवणाऱ्यांना १९९१ च्या पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स अ‍ॅक्टखाली जी सक्तीची पॉलिसी घ्यावी लागते (हा कायदा भोपाळनंतर आला) ती वेगळी, तिच्यात चूक कुणाची हे न बघता कलेक्टरकडून ठरावीक मदत मिळते, आणि ती आहे म्हणजे सगळ्या लायबिलिटीला कव्हर आहे असा समज एमआयडीसीत बऱ्याच जणांचा असतो, तो चुकीचा. मग लिमिट बघा, एका अपघाताला किती आणि वर्षभरात मिळून किती, हे दोन आकडे वेगळे असतात. वकिलाची फी या लिमिटच्या आतून जाते की बाहेरून तेही बघा. एक्सेस म्हणजे पहिले किती पैसे तुमचे, ते बघा. खाण्यापिण्यातून झालेली विषबाधा, लिफ्ट, स्विमिंग पूल, वादळ-पूर, प्रदूषण हे बऱ्याचदा जास्त प्रीमियम भरून जोडून घ्यावं लागतं. आणि तुमचे स्वतःचे कामगार यात येत नाहीत, त्यांची पॉलिसी वेगळी. एक्स्पोर्ट करत असाल तर कुठल्या देशात झालेली केस चालेल ते वाचा, अमेरिका आणि कॅनडा बहुतेक वेळा बाहेर असतात.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते क्लेम्स-मेड प्रकारात. आपल्याकडच्या बऱ्याचशा लायबिलिटी पॉलिसी अशा असतात. म्हणजे अपघात पॉलिसी चालू असताना घडला एवढं पुरत नाही, तुमच्यावरचा दावासुद्धा पॉलिसी चालू असताना यायला हवा, आणि घटना रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेटच्या (थोडक्यात रेट्रो डेट, पॉलिसीत छापलेली ती तारीख जिच्या आधीच्या घटनांना कव्हर नाही) नंतरची हवी. समजा २०२२ मध्ये तुम्ही बसवलेलं रॅक २०२४ मध्ये पडलं आणि नोटीस २०२५ मध्ये आली, तर रॅक पडल्यानंतर आणि नोटीस येण्याआधी तुम्ही कंपनी बदलली आणि नव्या कंपनीने रेट्रो डेट नव्याने सुरू केली की तुम्ही दोन्हीकडून लटकलात. यावर उपाय एकच, घटना घडली की दावा आलेला नसतानाही कंपनीला कळवून ठेवायचं. बऱ्याच वर्डिंगमध्ये अशी आधी कळवलेली घटना पुढे दाव्यात बदलली तर ती कळवलेल्या वर्षात धरली जाते. कळवल्याने प्रीमियम वाढेल म्हणून गप्प बसणारे मी बघितलेत, त्यांना वाचलेला प्रीमियम फार महाग पडतो.

पहिल्या आठवड्यातलं काम

नोटीस, फोन, पोलिसांचं बोलावणं, काहीही आलं की त्याच दिवशी ईमेल करा. ब्रोकरला फोन करून सांगितलं हे चालत नाही, ब्रोकर नंतर म्हणेल बोलणं झालं होतं पण पत्र नव्हतं. मजकूर साधा ठेवा:

"पॉलिसी क्रमांक अमुक. अमुक तारखेला आमच्या जागेत अशी घटना घडली. अमुक व्यक्तीने आमच्याकडे नुकसानभरपाई मागितली आहे, नोटीस सोबत जोडली आहे. आम्ही जबाबदारी कबूल केलेली नाही. कृपया सर्व्हेयर किंवा वकील नेमावा. नोटिशीला उत्तर द्यायची मुदत अमुक तारखेला संपते, त्याआधी तुमच्या सूचना कळवाव्यात, नाही आल्या तर आम्ही हक्क राखून आमच्या वकिलामार्फत उत्तर देऊ."

शेवटचं वाक्य विसरू नका. कंपन्या मुदतीत उत्तर देत नाहीत आणि नंतर तुम्ही स्वतः वकील नेमला म्हणून तक्रार करतात. तसंच समोरच्याकडून तडजोडीची ऑफर आली, म्हणजे समजा १२ लाखांचा दावा ४ लाखांत मिटतोय, तर परस्पर मिटवू नका, कंपनीला लेखी कळवा की अशी ऑफर आहे, पंधरा दिवसांत हो किंवा नाही सांगा, नाहीतर नुकसान वाढू नये म्हणून आम्ही मिटवतोय आणि रक्कम तुमच्याकडे मागणार. कंपनी गप्प बसली तर तिचं गप्प बसणं तुमच्या फाइलमध्ये पुरावा म्हणून राहतं.

उशीर झालाच असेल तर? लगेच हातपाय गाळू नका. गाडीचोरीच्या केसेसमध्ये, २०१७ च्या ओम प्रकाशच्या आणि २०२० च्या गुरशिंदर सिंगच्या निकालात, सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की क्लेम खरा असेल आणि उशिराला कारण असेल तर केवळ उशीर झाला म्हणून तो फेकून देता येत नाही. तुमचा वकील हेच निकाल दाखवेल. पण लायबिलिटीत फरक आहे हे लक्षात ठेवा, तिथे कंपनी म्हणू शकते की उशिरामुळे आम्हाला तुमचा बचाव करायची संधीच मिळाली नाही, आणि तुम्ही तोपर्यंत एकतर्फी निकाल लागू दिला असेल तर तिच्या म्हणण्यात दम असतो.

सर्व्हेयर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला माणूस, आला की तो मित्रही नाही आणि शत्रूही नाही. जे मागेल ते द्या, पण प्रत्येक कागद यादी करून ईमेलने द्या. रिपोर्टची कॉपी लेखी मागा, सरकारी विमा कंपनी असेल तर आरटीआय टाकता येतो. रिपोर्ट तुमच्या विरोधात गेला तरी तो काही ब्रह्मवाक्य नाही, २००९ च्या प्रदीप कुमारच्या केसमध्ये कोर्टाने हेच म्हटलंय, सर्व्हेयरचा रिपोर्ट महत्त्वाचा पण शेवटचा शब्द नाही.

नकाराचं पत्र

इथे खरी केस सुरू होते. नकाराचं पत्र हातात आलं की त्यातलं प्रत्येक कारण एका कागदावर वेगळं लिहून काढा आणि समोर पॉलिसीचा क्लॉज नंबर टाका. हे एवढ्यासाठी, की कंपनी नंतर कोर्टात नवी कारणं काढू शकत नाही. गालाडा पॉवर (२०१६) आणि सौराष्ट्र केमिकल्स (२०१९) या दोन्ही निकालांत सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नकाराच्या पत्रात जे नाही ते पुढे येऊन मांडायचं नाही. म्हणून फोनवर "नक्की काय कारण" विचारत बसू नका, पत्र अर्धवट असेल तर ते त्यांच्या डोक्याला ताप आहे, तुम्ही कशाला त्यांना सुधारायला मदत करताय.

मग पुराव्याचं ओझं कुणावर ते बघा. नुकसान पॉलिसीच्या मूळ कव्हरमध्ये बसतं एवढं दाखवणं तुमचं काम. ते दाखवलंत की "पण हे एक्स्क्लूजनमध्ये येतं" हे सिद्ध करणं कंपनीचं काम, आणि शब्द संदिग्ध असतील तर अर्थ कंपनीच्या विरोधात लावायचा, हे वेदिक रिसॉर्ट्सच्या २०२३ च्या निकालात परत एकदा स्पष्ट झालंय. टेक्सको मार्केटिंगची २०२२ ची केस तर वाचण्यासारखीच आहे. दुकान बेसमेंटमध्ये, कंपनीने स्वतः तपासून पॉलिसी दिली, प्रीमियम घेतला, आग लागल्यावर म्हणाली बेसमेंटला कव्हर नाही. म्हणजे ज्या वस्तूसाठी पैसे घेतले तीच वगळलेली. सुप्रीम कोर्टाने कंपनीला चांगलंच सुनावलं. ती आगीची पॉलिसी होती पण युक्तिवाद लायबिलिटीला तसाच लागू पडतो. केटरिंगच्या धंद्यासाठी पॉलिसी घेतली, प्रपोजलमध्ये केटरिंग लिहिलं आणि अन्नातून झालेला त्रास वगळलेला, तर विचारा की मग कव्हर नेमकं कशाला होतं.

दुसरी बाजू पण सांगतो नाहीतर उगाच हवेत जाल. शब्द स्वच्छ असतील तर कोर्ट दया दाखवत नाही. सुरजमल राम निवास ऑइल मिल्सच्या केसमध्ये २०१० साली कोर्टाने म्हटलं की पॉलिसीचे शब्द आहेत तसे वाचायचे, त्यात काही घालायचं नाही काही काढायचं नाही, आणि तो क्लेम गेला. प्रपोजल फॉर्ममध्ये जुना अपघात लपवला, जागा गोडाऊन म्हणून दाखवली आणि तिथे वेल्डिंग चालू होतं, असं काही असेल तर आधी वकिलाला खरं सांगा, तो नंतर उलटतपासणीत ऐकण्यापेक्षा.

अजून एक सापळा, डिस्चार्ज व्हाऊचर. १० लाखांचा क्लेम, कंपनी ४ लाख देते आणि "फुल अँड फायनल" वर सही मागते. पैशाची नड असते, माणूस सही करतो. १९९९ च्या अजमेर सिंग कॉटनच्या निकालाप्रमाणे सही केली म्हणून दरवाजा आपोआप बंद होत नाही, पण दबाव, फसवणूक किंवा अडवणूक होती हे तुम्हाला दाखवावं लागतं. म्हणून सहीच्या आधी आणि नंतर लगेच ईमेल करा की आम्ही नाइलाजाने, हक्क राखून घेतोय. सहा महिन्यांनी आठवण झाली असं करू नका.

कुठे जायचं

पहिलं पाऊल कंपनीचा तक्रार विभाग आणि विमा क्षेत्राचा नियामक असलेल्या आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल. यातून फार चमत्कार होत नाहीत पण कागद तयार होतो.

धंदा एकट्याच्या नावावर, म्हणजे प्रोप्रायटरशिप असेल किंवा मायक्रो उद्योग असेल तर विमा लोकपाल हा स्वस्त मार्ग आहे. मुंबई आणि पुण्याला ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंत निकाल देता येतो, निकाल कंपनीवर बंधनकारक आणि तुमच्यावर नाही. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एका वर्षात जायचं. तोच विषय आधीच कोर्टात किंवा आयोगात नेला असेल तर मात्र लोकपाल घेत नाही, म्हणून क्रम चुकवू नका.

पार्टनरशिप, प्रायव्हेट लिमिटेड किंवा मोठी रक्कम असेल तर माझा कल ग्राहक आयोगाकडे असतो. लोक म्हणतात धंद्याची पॉलिसी आहे, आपण ग्राहक कसले. हाच मुद्दा नॅशनल इन्शुरन्सने हरसोलिया मोटर्सच्या विरोधात लावून धरला होता, गोध्र्यातलं त्यांचं शोरूम २००२ च्या दंगलीत जळालं होतं, आणि एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की विमा नुकसान भरून काढायला घेतात, नफा कमवायला नाही, त्यामुळे धंदेवाला पण ग्राहक ठरू शकतो. एवढ्या एका प्रश्नाला एकवीस वर्षं, बोला.

आणि इथली फी बघा. २०१९ च्या कायद्याप्रमाणे कुठल्या आयोगात जायचं हे तुम्ही किती मागताय यावर नाही, तुम्ही किती पैसे दिलेत म्हणजे प्रीमियम किती यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा, २ कोटींपर्यंत राज्य, वर राष्ट्रीय. त्यामुळे ६० हजार प्रीमियम भरून २ कोटींचा क्लेम असला तरी केस जिल्हा आयोगात, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रीमियमला फी शून्य. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही पद्धत वैध ठरवली. शिवाय तुमच्या गावच्या जिल्ह्यातच टाकता येते, कंपनीचं हेड ऑफिस मुंबईला आहे म्हणून सोलापूरहून मुंबईला खेटे घालायला नकोत. फाइलिंग ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ऑनलाइन होतं. मुदत दोन वर्षं, ती साधारण नकाराच्या पत्रापासून मोजतात, तरी काठावर जाऊ नका. नोटीस मिळाल्यावर कंपनीला उत्तर द्यायला ३० आणि वर जास्तीत जास्त १५ दिवस, त्यापुढे एकही दिवस नाही, हे २०२० मध्ये घटनापीठाने हिली कोल्ड स्टोरेजच्या केसमध्ये ठरवून टाकलंय. ती तारीख तुम्हीच कॅलेंडरमध्ये लावा.

आयोगाची अडचण एकच, गुंतागुंतीचे साक्षीपुरावे, फसवणुकीचे आरोप असं काही असलं की ते म्हणतात दिवाणी कोर्टात जा. तसं दिसत असेल तर आधीच कमर्शियल कोर्टाचा विचार करा. विम्याचे वाद तिथे चालतात, ३ लाखांच्या वर. पण तातडीचा आदेश नको असेल तर दावा टाकण्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, ती न करता टाकलेला दावा फेटाळला जातो (पाटील ऑटोमेशन, २०२२). अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. कोर्ट फी इथे रकमेवर असते, म्हणजे खिशाला लागते, आणि मुदत नकारापासून तीन वर्षं. पॉलिसीत आर्बिट्रेशनचा (लवादाचा) क्लॉज असेल तर नीट वाचा, बऱ्याच ठिकाणी तो फक्त "किती द्यायचे" या वादाला असतो, कंपनीने जबाबदारीच नाकारली असेल तर लागू होत नाही. २०१८ ची नरभेराम पॉवरची केस यावरच आहे.

दोन्ही केसेस चालू असताना

पहिली केस, म्हणजे तुमच्यावरची, अजिबात ढिली सोडू नका. कंपनीने वकील दिला नाही तर स्वतःचा लावा, बिलं जपा, ती पण दुसऱ्या केसमध्ये मागायची. पहिली केस ग्राहक आयोगात असेल तर विमा कंपनीला तिथेच पार्टी करून घ्यायचा अर्ज देऊन बघा, डॉक्टरांच्या केसेसमध्ये हे सर्रास होतं आणि एकाच निकालात कोण किती भरणार ते ठरून जातं.

रिन्यूअल आलं की हा वाद प्रपोजलमध्ये लिहा, कितीही नको वाटलं तरी. रेट्रो डेट जुनीच ठेवून घ्या आणि ती शेड्यूलवर छापलेली आहे का ते डोळ्यांनी बघा.

निकाल तुमच्या बाजूने लागला की कंपनी बहुधा अपील करते. जिल्हा आयोगाच्या निकालावर राज्य आयोगात जायला ४५ दिवस असतात आणि त्यासाठी कंपनीला निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ती भरली का ते तपासा, आणि भरली असेल तर ती तुम्हाला काढायची परवानगी मिळावी म्हणून राज्य आयोगात अर्ज द्यायला वकिलाला सांगा. अपील नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज टाकायचा, कलम ७१ खाली वसुली आणि ७२ खाली शिक्षा, ज्यात एक महिना ते तीन वर्षं कैद, किमान २५ हजार दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे, आणि कलम ७२ ची नोटीस ब्रँच मॅनेजरच्या टेबलावर पोचली की चेकची फाइल हलायला लागते.